दुष्काळातील मुली आणि पंडिता रमाबाई

मध्य प्रांतात १८९६-९७ साली भीषण दुष्काळ पडला, तेव्हा पंडिता रमाबाई पुण्याचे शारदा सदन सोडून तिकडे धावल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८७४ च्या सुमारास, दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि पाठोपाठ बहीण गेली होती. निराश्रित मुलींना फूस लावून नेणाऱ्यांच्या तावडीतून सोडवून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, म्हणून केडगावच्या आपल्या शेतावर त्यांची सोय केली. तेच पुढे ‘मुक्ती’ झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

धर्मांतराचा आक्षेप १८९३ पासूनच त्यांचा पाठलाग करीत होता. तो सर्वस्वी निराधार होता असेही नाही. अनेक मुली ख्रिस्ती झाल्या. परंतु आक्षेपकांपैकी किती जण त्या अस्थिपंजर पोरींना उचलून आणायला गेले होते? रमाबाईंनी त्यांना नुसते जेवू घातले नाही. अक्षरओळख दिली, विणकाम, शेती, छपाई शिकवली. बायबलच्या त्यांच्या मराठी भाषांतराचे खिळे आश्रमातील मुलींनीच जुळवले.