एडिसन यांची वितळतार

बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव मल्लिकार्जुनाच्या प्राचीन मंदिरासाठी आणि तेथील देखण्या पुष्करणीसाठी ओळखले जाते. मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन घेऊन वाट थोडी वाकडी करणाऱ्यांचे पाय तेथे हमखास रेंगाळतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आणि चाकांवरचे घर घेऊन अशा आडबाजूच्या गावी मुक्काम करण्याच्या कल्पनेला सरकारदरबारी मान्यता मिळाली. या घरात बिछाना असतो, फ्रीज असतो, वातानुकूलन यंत्रही असते. मात्र रात्री हे सारे चालवायचे तर मुक्कामाच्या जागेवरील सॉकेटमध्ये केबलचा प्लग लावावा लागतो. ते सॉकेट सैल असेल, अर्थिंग नावापुरते असेल आणि संध्याकाळी विजेचा दाब उतरलेला असेल, तर आधी प्लगची पिन तापते, मग प्लास्टिक पाघळते आणि प्रसंगी आग लागते. वीज आणणाऱ्या तारेपासूनच घराचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न नवा नाही. ज्या माणसाने वीज घरोघरी नेली, त्याला तो प्रारंभीच पडला होता.

थॉमस अल्वा एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या गावी झाला. शाळा काही महिन्यांचीच. पुढचे शिक्षण आईने घरी दिले. पोरवयात ते रेल्वेगाडीत वृत्तपत्रे विकत आणि सामानाच्या डब्यात रसायनांचे प्रयोग करीत. तेथे एकदा आग लागली आणि प्रयोगशाळेसह त्यांची डब्यातून हकालपट्टी झाली. नंतर तारायंत्रावरील नोकरी, १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ आणि १८७९ मध्ये विजेचा दिवा, हा प्रवास शालेय पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचा आहे.

पाठ्यपुस्तके सहसा दिव्यापाशी थांबतात. एडिसन यांचे खरे मोठेपण त्यापुढे सुरू होते. नुसता दिवा विकून भागणार नाही, त्याला जनित्र हवे, जमिनीखालून तारा हव्यात, मीटर, बटण आणि सॉकेट हवे, हे त्यांनी ओळखले. त्यांची स्पर्धा गॅसच्या दिव्यांशी होती. वीज गॅसपेक्षा सुरक्षित आहे, हे ग्राहकाला पटले नसते तर सारा खटाटोप वाया गेला असता. दोन तारा एकमेकींना भिडल्या तर प्रवाह बेफाम वाढतो, तार लाल होते आणि भिंतीतले लाकूड पेट घेते. या संकटावरचा त्यांचा उपाय विलक्षण साधा होता. प्रत्येक शाखेच्या आरंभी बारीक तारेचा एक तुकडा बसवायचा. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो आधी वितळेल, पुरवठा तुटेल आणि उरलेली तार वाचेल. अशा सुरक्षा-तारेचे पेटंट त्यांना १८८० मध्ये मिळाले. वितळलेल्या धातूचे थेंब खालच्या गालिच्यावर पडू नयेत म्हणून तार आवरणात बंद ठेवण्याचा विचारही त्यात होता. आज ज्याला आपण फ्यूज म्हणतो, त्याच्या आद्य रूपांपैकी हे एक. यंत्रणेतला एक भाग मुद्दाम दुबळा ठेवायचा, ही कल्पना ज्या बुद्धीला सुचली तिला दाद द्यावी तेवढी थोडी.

तरीही अपघात टळले नाहीत. न्यूयॉर्कमधील धनाढ्य व्हॅन्डरबिल्ट यांच्या प्रासादात भिंतीवरच्या आच्छादनात धातूची झिरझिरीत जर होती. तिचा तारांशी संपर्क आला आणि आच्छादन धुमसू लागले. तळघरात वाफेचे यंत्र बसवले आहे हे कळल्यावर तर गृहस्वामिनीने सारी यंत्रणाच काढून टाकायला लावली. बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या घरीही तारांमुळे ग्रंथालयात आग लागून त्यांचे मेज जळाले. मॉर्गन मात्र विजेवर रुसले नाहीत. ४ सप्टेंबर १८८२ रोजी पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्र सुरू झाले आणि सुमारे चारशे दिवे उजळले. पुढे एकदा जमिनीखालच्या जोडणीतून वीज ओल्या रस्त्यावर झिरपली आणि तेथून जाणारे घोडे धक्क्याने उधळले. अशा गळतीपुढे फ्यूज हतबल असतो. जिवाला धोका पोहोचविणारा प्रवाह इतका अल्प असतो की त्याने तार वितळत नाही. त्यासाठी खात्रीचे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडणारे उपकरण लागते. हे उपकरण एडिसन यांच्या हयातीत घरांपर्यंत पोहोचले नव्हते.

सॉकेटची कथाही रंजक आहे. एडिसन यांचा आटे असलेला होल्डर दिव्यासाठी होता. पुढे पंखा, इस्त्री अशी उपकरणेही लोक त्यातच फिरवून बसवू लागले. १९०४ मध्ये हार्वे हबेल यांना सुटा काढता येणाऱ्या प्लगचे पेटंट मिळाले आणि उपकरण एका जागेवरून दुसरीकडे नेणे सोपे झाले. सोय वाढली, तशी एक नवी कमकुवत जागाही निर्माण झाली. पिन आणि सॉकेट यांची पकड सैल झाली की त्या सांध्याचा रोध वाढतो आणि तेथील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. दाब उतरला की वातानुकूलन यंत्राची मोटार अधिक प्रवाह ओढते आणि संकटात भर पडते. एवढे होऊनही एकूण प्रवाह मर्यादेतच असेल, तर फ्यूज आणि एमसीबी दोन्ही स्वस्थ बसतात. म्हणूनच जाणते प्रवासी प्लग लावण्याआधी दाब आणि अर्थिंग तपासून घेतात, दाब फार उतरला किंवा चढला तर पुरवठा तोडणारे उपकरण मध्ये बसवतात आणि बटण बंद असतानाच प्लग लावतात किंवा काढतात. पिन काळवंडलेली दिसली वा सॉकेट ढिले लागले, तर तेथील मोह सोडून देतात. यंत्रे सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या अंगाला हात लावून पाहण्याची सवयही उत्तम.

सुरक्षेची एवढी चिंता वाहणाऱ्या एडिसन यांनी तिचा शस्त्रासारखा वापरही केला, हे नमूद करायला हवे. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्या प्रत्यावर्ती प्रवाहाला त्यांनी मृत्यूचे साधन ठरविले. त्यांच्या प्रयोगशाळेच्या साह्याने जनावरांवर विजेचे जीवघेणे प्रयोग झाले. उच्च दाबाची भीती खोटी नव्हती; पण तिच्यामागे व्यापारी हेतू होता, हेही तितकेच खरे. अखेर बाजी प्रत्यावर्ती प्रवाहानेच मारली. १८९२ मध्ये त्यांची कंपनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाली आणि नव्या नावातून एडिसन हा शब्द गळाला.

यानंतर ते बॅटरीकडे वळले. लोह आणि निकेल यांची त्यांची पहिली बॅटरी गळू लागली, तेव्हा त्यांनी उत्पादन थांबविले, सदोष नग परत घेतले आणि काही वर्षे पुन्हा प्रयोगांत घालविली. १९१० च्या सुमारास सुधारित बॅटरी बाजारात आली. तिचा एक उपयोग मात्र चरित्रांत ओझरता येतो. १९१६ ते १९२४ या काळात एडिसन आपले मित्र हेन्री फोर्ड, टायरउद्योजक हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज यांच्यासह मोटारींचा ताफा घेऊन रानावनात भटकत. बरोज १९२१ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही एका मुक्कामी येऊन गेले. ताफ्यात स्वयंपाकाची वेगळी गाडी असे. फोर्ड लाकडे फोडीत, एडिसन झाडाखाली खुशाल वामकुक्षी घेत. अंधार पडला की तंबूंमध्ये विजेचे दिवे लागत आणि त्यांची वीज एडिसन यांच्या बॅटऱ्यांतून येई. वाटेतल्या कोणत्याही गावाच्या तारेला हात लावण्याची गरज पडत नसे. मोटारीतून भटकणाऱ्यांनी आपली वीज सोबत न्यावी, हा पायंडा इतका जुना आहे.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथे एडिसन यांचे निधन झाले. आदरांजली म्हणून साऱ्या अमेरिकेचा वीजपुरवठा क्षणभर बंद ठेवण्याची कल्पना पुढे आली होती. मात्र तेवढ्या वेळातही माणसे दगावू शकतील, हे ध्यानात आल्यावर ती मागे पडली. त्याऐवजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी नागरिकांना आपापले दिवे मालविण्याची विनंती केली. अंत्यसंस्काराच्या रात्री दहाच्या सुमारास ठिकठिकाणी दिवे काही काळ मंदावले. तारांतून वीज मात्र वाहतच राहिली.