वाल, नीरा आणि प्रयोगशाळा : डॉ. कमला सोहोनी

हिवाळा सुरू झाला की बंगळूरच्या भाजीबाजारात वालाच्या ओल्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. मागडी, कोलार या भागांतून येणाऱ्या या शेंगांना कन्नडमध्ये अवरेकाई म्हणतात आणि शहरातील घराघरांत सांबारापासून उप्पिटापर्यंत त्यांचा मुक्त वापर होतो. वालाचीच जातकुळी असलेले कडधान्य कोकणात भिजवून, मोड आणून, सोलून बिरड्याच्या रूपाने पानात येते. वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांमधील, प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक स्फटिकरूपात वेगळे करण्याचे काम मुंबईच्या एका प्रयोगशाळेत झाले आणि १९५५ साली ते 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या संशोधनाच्या प्रमुख होत्या डॉ. कमला सोहोनी. त्यांच्या संशोधनाची सुरुवात मात्र बंगळूर येथे आणि तीही एका नकाराने झाली होती.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजेच आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, आरंभीच्या काळात ज्यांनी शिक्षण घेतले त्यांमध्ये या दोघा बंधूंचा समावेश होता. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत या कमलाताईंच्या थोरल्या भगिनी. एकीने लोकसाहित्याचा आणि दुसरीने जीवरसायनशास्त्राचा मार्ग धरला, तरी स्वयंपाकघराकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याची दृष्टी दोघींकडेही होती. दुर्गाबाईंचे 'खमंग' हे पाककृतींवरील पुस्तक मराठी वाचकांना परिचित आहेच.

मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी कमलाताईंनी १९३३ साली मिळवली. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता आणि गुणवत्ता यादीत त्यांचे नाव अग्रस्थानी होते. वडील आणि काका जेथे शिकले त्याच संस्थेत संशोधन करावे, या हेतूने त्यांनी बंगळूरला अर्ज केला. त्या वेळी संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. नोबेल पारितोषिक मिळून त्यांना तीनच वर्षे झाली होती. गुणवत्तेच्या निकषावर अर्ज नाकारण्यासारखे काहीच नव्हते. परंतु अर्जदार स्त्री आहे या एकाच कारणाने तो फेटाळण्यात आला.

कमलाताई बंगळूरला जाऊन प्रत्यक्ष रामन यांना भेटल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने त्यांनी संचालकांच्या कार्यालयासमोर सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. गांधीजींच्या चळवळीने भारलेल्या त्या काळात हा मार्ग एका विद्यार्थिनीला सुचावा यात नवल नाही. मात्र तो नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाच्या दारात अवलंबण्यासाठी वेगळे धैर्य लागते. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष त्या परीक्षाधीन राहतील, कामाच्या दर्जाबद्दल संचालकांची खात्री पटेपर्यंत त्या कामाला अधिकृत मान्यता मिळणार नाही आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये, अशा त्या अटी होत्या. कमलाताईंनी त्या स्वीकारल्या, पण त्यांतील अपमान त्या कधीही विसरल्या नाहीत. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यानंतरही हा प्रसंग सांगताना रामन यांचे शास्त्रज्ञ म्हणून थोरपण त्या मान्य करीत. मात्र स्त्रियांविषयीचा त्यांचा दृष्टिकोन संकुचित होता, हे सांगण्यासही त्या कचरत नसत.

संस्थेत त्यांना श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. शिस्तीच्या बाबतीत अत्यंत कडक, परंतु विद्यार्थ्यांना मनापासून शिकवणारे असा त्यांचा लौकिक होता. त्यांच्या हाताखाली कमलाताईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. विषयाची ही निवड महत्त्वाची होती. ज्या देशात बहुसंख्य लोकांच्या शरीराला प्रथिने मिळतात ती मुख्यतः डाळीतून, त्या देशात डाळीतील प्रथिनांचे स्वरूप काय आणि त्यांतील किती अंगी लागतात, याची शास्त्रीय माहिती त्या काळी फारच तोकडी होती. वर्षभरात रामन यांची खात्री पटली. १९३६ साली कमलाताईंनी एम.एस्सी. पदवी विशेष प्राविण्यासह मिळवली आणि संस्थेचे दार त्यानंतरच्या विद्यार्थिनींसाठी खुले झाले.

पुढील टप्पा केंब्रिजचा. १९३७ साली त्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी नोबेल मिळवणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात त्यांनी काम केले. बटाट्यावर प्रयोग करीत असताना वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी असते, हे त्यांनी दाखवून दिले. पेशींच्या श्वसनक्रियेत हा घटक आवश्यक असतो. अवघ्या १४ महिन्यांत पूर्ण केलेला त्यांचा प्रबंध केवळ ४० पानांचा होता. १९३९ साली पीएच.डी. घेऊन त्या मायदेशी परतल्या.

दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद आणि त्यानंतर निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालकपद, अशी काही वर्षे गेली. कुन्नूरची हीच संस्था पुढे हैदराबादला गेली आणि आता राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९४७ साली विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर कमलाताई मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईतील पुढील दोन दशके हा त्यांच्या कार्याचा सर्वांत फलदायी काळ मानावा लागेल. कडधान्ये, नीरा आणि भातापासून तयार केलेले धान-आटा नावाचे पीठ, असे तीन विषय त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी निवडले. तिन्ही पदार्थ गरिबांच्या आहारातील.

कडधान्यांचेच उदाहरण घेऊ. वाल किंवा अन्य कडधान्यांत प्रथिने भरपूर असली तरी त्यांत ट्रिप्सिन या पाचकरसाचे काम रोखणारे घटकही असतात. कडधान्य कच्चे खाल्ल्यास त्यातील प्रथिने अंगी लागत नाहीत. हे रोधक घटक स्वतः प्रथिनेच असल्यामुळे पाण्यात शिजवताना मिळणाऱ्या उष्णतेने ते बऱ्याच अंशी निकामी होतात. भिजवून मोड आणल्याने त्यांचे प्रमाण काहीसे घटते, दाणा लवकर शिजतो आणि जे क जीवनसत्त्व कोरड्या दाण्यात जवळजवळ नसते ते मोडांमध्ये तयार होते. रात्री वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून ठेवायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि मग शिजवायचे, हा कोकणातील गृहिणींचा खटाटोप केवळ चवीपुरता नव्हता, हे यावरून ध्यानात येते. नैसर्गिक अन्न कच्चेच खावे, असा आग्रह आजकाल वारंवार धरला जातो. कडधान्यांच्या बाबतीत तरी तो शास्त्राला धरून नाही. निसर्गाने बियांना स्वतःच्या संरक्षणाची साधने दिली आहेत आणि चूल हे त्यावरील माणसाचे उत्तर आहे.

शेतीच्या दृष्टीनेही हे पीक उपकारक. कोकणात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पिकतो आणि त्याच्या मुळांवरील गाठींमधील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. पाणी कमी आणि खत कमी असूनही ताटात प्रथिने भरपूर पडावीत, असे पीक प्रयोगशाळेत अभ्यासले जाणे ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट होती.

नीरेवरील कामाला तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांची सूचना कारणीभूत ठरली. ताड, शिंदी यांसारख्या झाडांपासून रात्री उतरवलेला गोड रस म्हणजे नीरा. ती पहाटे ताजी असते. ऊन चढू लागले की आंबू लागते आणि तिची ताडी होते. मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाल्यानंतर ताडी उतरवणाऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला होता आणि नीरा व ताडगूळ हा त्यावरील एक पर्याय मानला जात होता. कमलाताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे तसेच लोह लक्षणीय प्रमाणात आढळले. रस आटवून गूळ केला तरी हे घटक पूर्णपणे नष्ट होत नाहीत, हेही दिसून आले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचे आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला. नीरा थंड राखता आली तरच तिचे गुण टिकतात, ही व्यवहारातील अडचण मात्र तेव्हाही होती आणि आजही सुटलेली नाही. मुंबईच्या आरे दुग्धप्रकल्पालाही दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी त्यांनी सल्ला दिला होता.

बंगळूरच्या प्रसंगानंतर त्यांच्या वाटेतील अडथळे संपले असे मात्र झाले नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद गुणवत्ता आणि सेवाज्येष्ठता असूनही त्यांना सुमारे चार वर्षे मिळाले नाही. स्त्री असणे हेच त्याचेही कारण असल्याचे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. अखेर ते पद त्यांच्याकडे आले. रामन यांचा नकार निदान उघड होता. कार्यालयीन विलंबापुढे सत्याग्रहाला बसण्याचीही सोय नसते.

अन्नाविषयीची त्यांची आस्था प्रयोगशाळेपुरती मर्यादित राहिली नाही. अन्नातील भेसळीला आळा घालणारा कायदा १९५४ साली झाला, तरी तुरीच्या डाळीत लाखेची डाळ मिसळणे किंवा डाळीला घातक पिवळा रंग देणे असे प्रकार सुरूच होते. ग्राहकांना सजग करण्यासाठी मुंबईत १९६६ साली काही महिलांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. कमलाताई या संस्थेच्या क्रियाशील सदस्य होत्या. १९८२-८३ या काळात त्यांनी तिचे अध्यक्षपद भूषविले आणि 'कीमत' या तिच्या नियतकालिकातून ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. मराठीत त्यांचे 'आहार-गाथा' हे पुस्तक आहे. केंब्रिजची पदवी असलेल्या या विदुषीने उत्तरायुष्यात सामान्य गृहिणीला समजेल अशा भाषेत लिहिण्याला आपला वेळ दिला, ही बाब त्यांच्या शोधनिबंधांइतकीच मोलाची आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने डॉ. सोहोनी यांचा नवी दिल्ली येथे गौरव केला. त्या समारंभातच त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९९८ साली, त्यांचे निधन झाले.