ऑस्कार श्लेमर

ऑस्कार श्लेमर (४ सप्टेंबर १८८८ – १३ एप्रिल १९४३) हे जर्मन चित्रकार, शिल्पकार, वेशरचनाकार आणि नृत्यरचनाकार होते. बाउहाउस या कलाशाळेत त्यांनी अध्यापन केले. वेशभूषेतूनच नृत्य घडवणारे ‘त्रयी बॅले’ ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती होय.

त्यांचा जन्म श्टुटगार्ट येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते सैनिक होते. त्या काळातच, १९१६ मध्ये, या बॅलेचे काही भाग प्रथम रंगमंचावर आले. संपूर्ण प्रयोग ३० सप्टेंबर १९२२ रोजी श्टुटगार्टमध्ये झाला. त्यात आल्बर्ट बुर्गर व एल्झा ह्योत्सेल यांच्यासोबत श्लेमर स्वतः टोपणनावाने नाचले.

वेशरचना

या बॅलेत तीन नर्तक, बारा नृत्ये आणि अठरा वेश होते. पिवळ्या, गुलाबी आणि काळ्या पार्श्वभूमीच्या तीन भागांत विनोदाकडून गूढतेकडे प्रवास होतो. एरवी संगीत व नृत्य आधी ठरते आणि शिंपी शेवटी येतो. श्लेमर यांनी हा क्रम उलटा केला. प्रथम आकृतीचे रेखाटन व वेश, मग त्यास साजेसे संगीत आणि अखेरीस हालचाल, अशी त्यांची पद्धत होती. नर्तकाच्या देहाकडे ते भूमितीच्या दृष्टीने पाहत: डोके अंड्यासारखे, धड फुलदाणीसारखे, हातपाय गदेसारखे, सांधे गोळ्यांसारखे.

कागदावरचे हे आकार अंगावर उभे करणे सोपे नव्हते. नेहमीचे कापड अंगावर लोंबते. गोल किंवा चक्राकार आकार त्यात टिकत नाही. म्हणून भरीव कापड, कागदाचा लगदा, तारा आणि धातुरंग यांचा वापर झाला. त्यांचे बंधू कार्ल श्लेमर यांनी या बांधणीत मोठे साहाय्य केले. त्यांच्या हस्तकौशल्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. तारेच्या वेटोळ्यांचा झगा घातलेल्या नर्तकीला हात सहज खाली सोडता येत नसत. या अडथळ्यातूनच नवी चाल, नवे वळण सापडावे, हा श्लेमर यांचा हेतू होता. नर्तकाला वेशात कोंडल्याचा आक्षेप त्यामुळे अर्धाच खरा ठरतो.

१९२६ मध्ये डोनाउएशिंगेन येथील प्रयोगासाठी पाउल हिंडेमिट यांनी यांत्रिक ऑर्गनसाठी संगीत रचले.

अखेरची वर्षे

१९२९ मध्ये श्लेमर यांनी बाउहाउस सोडले. वायमार येथील त्यांची भित्तिचित्रे १९३० मध्ये नष्ट करण्यात आली. नाझी सत्तेवर येताच १९३३ मध्ये बर्लिनमधील त्यांचे अध्यापनपद गेले आणि १९३७ च्या म्युनिकमधील ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात त्यांची चित्रे हेटाळणीसाठी टांगली गेली. उपजीविकेसाठी त्यांनी वुपरटाल येथील रंगांच्या कारखान्यात काम केले. तेथेच १९४२ मध्ये, खिडकीतून दिसणाऱ्या शेजारच्या घरांची छोटी चित्रे त्यांनी काढली. पुढील वर्षी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले.

बॅलेचे मूळ नृत्य पूर्णपणे नोंदलेले नव्हते. १९७७ मध्ये गेरहार्ड बोनर यांनी त्याची नव्याने रचना केली. मूळ वेशांपैकी काही श्टुटगार्टच्या राज्य कलासंग्रहालयात जतन केलेले आहेत.