उत्तरं देणारे र. धों.

मैत्रिणींनो, महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, सगळं पाठ असतं. पण त्यांच्या थोरल्या मुलाबद्दल फारसं कुणी सांगत नाही. कारण त्याने आयुष्यभर जो विषय हाताळला, तो विषय निघाला की आपण आजही टीव्हीचा आवाज वाढवतो आणि पोरीला आत पाठवतो!

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरुडचा. नऊ वर्षांचे असताना आई गेली. मुलगा मात्र अतिशय हुशार. १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला. पुढे फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाले, गणिताच्या शिक्षणासाठी पॅरिसलाही जाऊन आले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले. चांगली नोकरी, मोठ्या घराण्याचं नाव. सुखाने राहता आलं असतं.

पण आजूबाजूला त्यांना दिसत होत्या त्या बाळंतपणांनी खंगलेल्या बायका, लहान वयात संसाराला लागलेल्या मुली, आणि नवऱ्याकडून आजार आला तरी तोंड न उघडणाऱ्या सुना. शरीराची माहितीच नाही म्हणून हे सोसावं लागतं, हे त्यांनी ओळखलं. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपला दवाखाना उघडला होता. म्हणजे आपला मराठी माणूस जगाच्या मागे नव्हता बरं का!

याची किंमत त्यांना मोजावी लागली. हे काम कॉलेजला रुचलं नाही आणि १९२५ साली नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई मात्र खंबीरपणे पाठीशी उभ्या राहिल्या. दोघांनी विचार करून मूल होऊ दिलं नाही. त्या काळी एका बाईला यावरून काय काय ऐकावं लागलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं. लैंगिक आरोग्य, संततिनियमन, गुप्तरोग, सगळ्यावर सरळ मराठीत लिहिलेलं. वाचक पत्रांतून शंका विचारत आणि कर्वे त्यांना उत्तरं देत. बोलायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून लोक मासिकाला लिहीत. याच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्याआधी १९३१ सालीही एका लेखाबद्दल शंभर रुपये दंड झाला होता. दुसऱ्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयाला वाहिलेल्या मासिकात वाचकांनी शंका विचारल्या, तर त्यांना उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं, असा त्यांचा मुद्दा होता. तरी खटला हरले आणि दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र बंद पडलं नाही. १४ ऑक्टोबर १९५३ ला कर्वे गेले, आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर ते थांबलं. सव्वीस वर्षं! पैशाची कायम ओढाताण, समाजाची नाराजी, तरीही.

आता आपल्याकडे बघू. सोलापुरात बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढते, तेव्हा आधी सगळ्या पदर तोंडाला लावून हसतात. मग हळूच एकजण म्हणते, ताई, मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा वाटलं आता मी मरणार. मग दुसरी बोलते, तिसरी बोलते. पण लेकीला सांगितलं का, असं विचारलं की गप्प. कारण काय, तर कसं सांगायचं तेच माहीत नाही.

अहो, अवघड काही नाही. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की पाळी येण्याआधीच सांगा. अंगात काय बदल होतात, ते का होतात, पॅड कसं वापरायचं, कितीदा बदलायचं. शरीराच्या अवयवांची नावं न लाजता घ्या. नको तिथे कुणी हात लावला, मग तो घरातला का असेना, तर लगेच आईला सांगायचं, हेही सांगा. तिने विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर द्या. येत नसेल तर डॉक्टरताईंना किंवा आशाताईंना विचारून सांगते म्हणा, पण गप्प बसवू नका. आज तिच्या हातात मोबाइल आहे. आपण उत्तर दिलं नाही तर तो देईल, आणि कसलं देईल ते आपल्या हातात नाही.

र. धों. अनोळखी माणसांच्या पत्रांना उत्तरं देत राहिले, त्यासाठी कोर्टात उभे राहिले. आपल्याला तर आपल्याच लेकीशी बोलायचंय. या रविवारी तिच्या केसांना तेल लावताना सुरुवात करून बघा.