आगरकर मास्तर

नोकरीच्या निमित्ताने भोपाळला येऊन मला बरीच वर्षे झाली. येथील एका शाळेत मी शिकवतो. आमच्या स्टाफरूममध्ये मराठी, हिंदी, उर्दू, मल्याळी अशा सगळ्या घरांतली माणसे आहेत. पण गेल्या वर्षी भांडण झाले ते भाषेवरून नव्हे, खासगी शिकवण्यांवरून. शिकवण्या घेणारे शाळेच्या कामात अंग चोरतात, असे काहींचे म्हणणे. पगारात घर भागत नाही, असे इतरांचे. एका खोलीत दोन टेबले झाली. गैरहजर शिक्षकाचा तास कोणी घ्यायचा, एवढ्यावरून बोलणे बंद झाले. तेव्हा मला आगरकर आठवले. सुधारक आगरकर आपण सर्वच जाणतो. मला येथे मास्तर आगरकर सांगायचे आहेत.

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची गरिबी विलक्षण. अकोल्यास राहून त्यांनी मॅट्रिक गाठले आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. तेथे टिळकांशी मैत्री झाली. सरकारी नोकरी न धरता शिक्षणाचे काम करायचे, हा दोघांचा निश्चय याच काळातला. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम. ए. होताच आगरकर त्यांना मिळाले. मुलगा मोठ्या पगारावर जाईल ही आईची आशा त्यांनी पत्र लिहून आधीच मोडली होती.

वामन शिवराम आपटे आणि नामजोशी यांच्यासह ही मंडळी शाळा चालवू लागली. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकरच. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली ते आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर राहिले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. वीस वर्षे सेवा देण्याचे बंधन घेणारे आजीव सदस्य हा संस्थेचा कणा. निर्णय एकट्या मुख्याध्यापकाचा नसे. सभेत वाद होई आणि बहुमताने ठरे.

तरीही फूट पडलीच. सामाजिक सुधारणेचा वाद होता, तसा पैशाचा आणि वेळेचाही होता. सदस्याने आपला सारा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कमाई करू नये, हा टिळकांचा आग्रह. आपले काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा, आणि संसार वाढला तसे वेतनही वाढावे, ही दुसरी बाजू, आगरकर तिकडचे. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले आणि वाद विकोपाला गेला. त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला.

मला वाटते, ध्येयाबद्दल या माणसांत कधीच दुमत नव्हते. पण घरखर्च आणि मोकळा वेळ यांचे काय, याविषयी आरंभी प्रत्येकाची समजूत वेगळी राहिली. त्यागाच्या भरात असे प्रश्न विचारणे हलकेपणाचे वाटते. पुढे तेच माणसे तोडतात.

संस्था मात्र बंद पडली नाही, कारण ती एकट्या कोणाची नव्हती. आपट्यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये आगरकर प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. 'सुधारक'मधील लेखांमुळे लोकांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली होती. पण त्यांनी वर्ग सोडला नाही. १७ जून १८९५ रोजी वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्यावरचा मृत्युलेख 'केसरी'त टिळकांनीच लिहिला. 

ही हकीकत मी आमच्या स्टाफरूममध्ये एका दुपारी सांगितली. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्र आम्ही सर्वजण बसलो आणि कागदावर लिहून काढले : शाळेच्या वेळेत कोणती कामे सर्वांची, त्यानंतरचा वेळ कोणाचा, गैरहजर शिक्षकाचे तास कोणत्या क्रमाने. शिकवण्यांविषयी आजही आमचे एकमत नाही. पण टेबल पुन्हा एक झाले आहे.