गुलाम म्हणून आला, शहर वसवून गेला : मलिक अंबरची गोष्ट

शिरूरहून एसटीनं निघालं की सुपा, नगर, नेवासा फाटा आणि मग छत्रपती संभाजीनगर. आपल्याकडची कितीतरी माणसं कामधंद्यासाठी, दवाखान्यासाठी, लेकीकडं जाण्यासाठी या रस्त्यानं जातात. पण ज्या शहरात आपण उतरतो ते मुळात कोणी वसवलं, असं विचारलं तर बहुतेक जण औरंगजेबाचं नाव घेतात. खरं तर औरंगजेबाच्या जन्माआधीच ते शहर उभं राहिलं होतं. ते उभं करणारा माणूस ना मोगल होता, ना या मातीत जन्मलेला. तो आफ्रिकेतून विकत आणलेला गुलाम होता. त्याचं नाव मलिक अंबर.

बाजारात विकलेलं पोर

मलिक अंबरचा जन्म साधारण 1548 चा, आजच्या इथिओपियातला. लहानपणीचं नाव चापू. पोरवयातच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. अरबस्तानातलं मोखा बंदर, मग बगदाद, असा हातोहात विकला जात राहिला. बगदादच्या मालकानं त्याची हुशारी ओळखली, लिहायला-वाचायला, हिशेब ठेवायला शिकवलं. अंबर हे नावही तिथंच मिळालं आणि तो मुसलमान झाला.

1570 नंतरच्या काही वर्षांत तो दख्खनला आला. इथं त्याला विकत घेतलं निजामशाहीचा पेशवा चंगेझखान यानं. विशेष म्हणजे चंगेझखान स्वतः एकेकाळी हबशी गुलामच होता. कारभार कसा चालतो, फौज कशी हाकतात, सरदारांना कसं सांभाळतात, हे अंबर त्याच्या हाताखाली शिकला. चंगेझखान वारला तेव्हा त्याच्या विधवेनं अंबरला मोकळं केलं. पुढची वीसेक वर्षं त्यानं भाडोत्री शिपाईगिरीत काढली. काही काळ विजापूरकरांकडंही चाकरी केली. मलिक हा किताब त्याला तिथंच मिळाला.

नगर पडलं, पण राज्य पडू दिलं नाही

1600 साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला. चांदबिबी मारली गेली. राजधानीच गेल्यावर निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. जुन्नर, पुणे, सुपे आणि आपला शिरूर–दौंडचा पट्टा तेव्हा याच निजामशाहीत मोडत होता.

मलिक अंबरनं हार मानली नाही. त्यानं निजामशाही घराण्यातला एक वारस शोधून परांड्याला गादीवर बसवला आणि स्वतःची मुलगी त्याला दिली. राजू दख्खनी नावाचा दुसरा सरदार आडवा येत होता, त्यालाही बाजूला केलं. राजधानी आधी जुन्नरला आणि मग 1610 च्या सुमारास दौलताबादला नेली.

हा माणूस काही साधुसंत नव्हता. 1610 मध्ये तो सुलतान आणि त्याची एक बेगम मरण पावली. अंबरच्या मुलीचा अपमान झाला म्हणून अंबरनंच त्यांना विष घातलं, असं 1617 मध्ये त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या एका डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय. नंतर गादीवर लहान मूल बसलं आणि कारभार सगळा अंबरच्या हातात राहिला.

खडकीचं शहर झालं

दौलताबादजवळ खाम नदीकाठी खडकी नावाचं छोटं खेडं होतं. 1610 मध्ये अंबरनं तिथं नवं शहर वसवायला घेतलं. 1612 मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा बांधला. आजही तो शहरातला सगळ्यात मोठा दरवाजा मानतात. त्याच सुमाराला जामा मशीद झाली, मग नौखंडा महाल. काळ्या दगडाच्या साध्या, दणकट मशिदी बांधल्या, त्यांना लोक काळी मशीद म्हणतात.

शहरात मराठा सरदारांचीही वस्ती होती. मालोजींच्या नावानं मालपुरा, खेळोजींच्या नावानं खेळपुरा, परसोजींच्या नावानं परसपुरा, विठोजींच्या नावानं विठापुरा, अशी पुऱ्यांची नावं पडली. यावरून अंबरची फौज कोणाच्या जिवावर उभी होती ते कळतं. डोंगर-घाट ओळखणारे मराठा घोडेस्वार हाताशी धरून त्यानं गनिमी कावा चालवला. अचानक छापा घालायचा, रसद तोडायची आणि शत्रू सावरायच्या आत निघून जायचं.

पाणी आणलं जमिनीखालून

शहर वसवलं, पण पाण्याचं काय? आपल्याकडच्या दुष्काळी गावांना हा प्रश्न नवा नाही. अंबरनं शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात जमिनीत मुरलेलं पाणी हेरलं. ते गोळा करून जमिनीखालच्या दगडी बांधकामातून आणि भाजलेल्या मातीच्या नळांतून उतारानं शहरात आणलं. ना मोट, ना रहाट, सगळा खेळ उताराचा. नळात हवा कोंडू नये आणि पाण्याचा दाब सांभाळला जावा म्हणून मध्ये मध्ये मनोरे बांधले, साफसफाईसाठी तोंडं ठेवली. ही नहर-ए-अंबरी. दरबारातल्या काहींनी आधी या कामाची थट्टा केली होती, असं सांगतात. पुढच्या राज्यकर्त्यांनी त्याच धर्तीवर आणखी नहरी काढल्या आणि कित्येक पिढ्या शहर त्या पाण्यावर जगलं.

दोनदा जळालं, दोनदा उठलं

1616 मध्ये जालन्याकडं रोषणगावच्या लढाईत अंबर हरला आणि मोगलांनी खडकीत घुसून शहर जाळलं. त्यानं ते पुन्हा उभं केलं. 1621 मध्ये शाहजहानच्या फौजेनं परत नासधूस केली. परत बांधकाम सुरू. जहांगीर बादशहाचा तर अंबरवर इतका राग, की अंबरचं कापलेलं डोकं भाल्यावर टांगलंय आणि आपण त्याला बाण मारतोय, असं चित्रच त्यानं काढून घेतलं. प्रत्यक्षात तसं कधी घडलं नाही.

1624 मध्ये मोगल आणि विजापूरकर दोघं मिळून चालून आले. नगरजवळ भातोडीला गाठ पडली. अंबरनं भातोडीच्या तलावाचं पाणी शत्रूच्या छावणीकडं सोडून वाटा चिखलमय केल्या, रसद तोडली आणि मग हल्ला केला. दोन मोठ्या फौजांचा त्यात धुव्वा उडाला. या लढाईत शहाजीराजे लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी कामी आले. पुढं मात्र शहाजीराजांचं अंबरशी बिनसलं आणि काही काळ ते विजापूरकरांकडं गेले.

आपल्या शेताशी संबंध

मलिक अंबरचं आणखी एक काम थेट आपल्या गावांपर्यंत पोचतं. त्याआधी महसुलाचा मक्ता दिला जायचा. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरायचा आणि रयतेकडून वाटेल ते उकळायचा. अंबरनं ही पद्धत बंद केली. जमीन चांगली की हलकी, पीक किती येतं, हे पाहून सारा ठरवला. आधी धान्याच्या रूपात आणि नंतर रोखीत. वसुलीत पाटील-कुलकर्ण्यांचा वंशपरंपरेचा अधिकार पक्का केला. ओसाड पडलेल्या गावांत लोक परत यावेत हा त्यामागचा हेतू. ही मलिकंबरी पद्धत पुणे भागातही होती. दादोजी कोंडदेवांच्या कारभारावर तिचा ठसा असल्याचं सांगितलं जातं, इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही तिची नोंद आहे.

नंतर काय झालं

14 मे 1626 रोजी सुमारे 78 वर्षांचा मलिक अंबर वारला. खुलताबादला त्यानं हयातीतच बांधून घेतलेल्या घुमटात त्याला दफन केलं. मुलगा फतेहखान यानं खडकीचं नाव फतेहनगर केलं, पण बापासारखी पकड त्याला जमली नाही. 1633 मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेलं. शहाजीराजांनी पेमगिरीवर लहान निजामशहाला गादीवर बसवून राज्य टिकवायची धडपड केली. 1636 मध्ये तीही संपली.

औरंगजेब सुभेदार असताना 1653 मध्ये शहराचं नाव औरंगाबाद झालं. शहराभोवतीचा कोट तर 1682 नंतरचा. म्हणजे दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई दरवाजा ज्या तटात आहेत तो तट अंबरच्या मृत्यूनंतर पन्नासहून जास्त वर्षांनी उभा राहिला. 52 दरवाजांचं शहर अशी ख्याती असली तरी आज मोजकेच दरवाजे शिल्लक आहेत. तट बराचसा गेला. नहरीवर घरं आणि रस्ते झाले, कुठं ड्रेनेज मिसळलं, कुठं मनोरे ढासळले.

पुढच्या वेळी संभाजीनगरला गेलात की बसस्टँडवरून भडकल दरवाजा लांब नाही. वेळ असेल तर खुलताबादलाही जाऊन या. तिथं औरंगजेबाची कबर साधी, उघड्यावर आहे, आणि त्याच गावात, बाजारात विकल्या गेलेल्या त्या पोराचा दगडी घुमट आजही उभा आहे.