विल्यम कॅरी आणि श्रीरामपूर कॉलेज

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातील काही महत्त्वाचे ग्रंथ महाराष्ट्रापासून दूर, बंगालमधील हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथे छापले गेले, हे अभ्यासकांस परिचित आहे. त्या मुद्रणामागील प्रमुख पुरुष विल्यम कॅरी याचे नाव व्याकरणकार, कोशकार आणि बायबलचा भाषांतरकार म्हणून घेतले जाते. त्याने उतारवयात सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या कॉलेजाकडे मात्र साहित्येतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. वस्तुतः कॅरीच्या भाषाकार्याची परिणती या संस्थेत झाली, आणि त्या कार्यातील अंतर्विरोधही तेथेच उघड झाला.

कॅरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशर परगण्यात पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर होते; पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक झाले. मुलगा जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवार म्हणून लागला. कॉलेजशिक्षण त्याला कधीच लाभले नाही. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषा त्याने बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने हस्तगत केल्या. १७९२ मध्ये त्याच्या पुढाकाराने बॅप्टिस्ट पंथीयांची धर्मप्रसारक संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तो सहकुटुंब बंगालमध्ये आला. ईस्ट इंडिया कंपनीचा मिशनऱ्यांना विरोध असल्यामुळे त्याला डॅनिश जहाजाने प्रवास करावा लागला.

पहिली काही वर्षे त्याने मालदा-दिनाजपूर भागात मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याची देखरेख केली आणि रामराम बसूच्या साहाय्याने बंगालीचा अभ्यास केला. १७९४ मध्ये त्याचा लहान मुलगा पीटर मरण पावला. पत्नी डोरोथी हिच्या मनावर विपरीत परिणाम झाला आणि १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्यातून सावरली नाही. ती मुळात या प्रवासास नाखूष होती. कॅरीच्या कार्याचा हिशेब मांडताना हे मोल वगळता येणार नाही.

१८०० च्या जानेवारीत कॅरी डॅनिश अमलाखालील श्रीरामपूरला आला. तेथे जोशुआ मार्शमन आणि मुद्रक विल्यम वॉर्ड हे त्याचे आयुष्यभराचे सहकारी झाले. १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्याची बंगालीच्या अध्यापनासाठी नेमणूक झाली. पुढे संस्कृत आणि मराठीही त्याच्याकडे आल्या. वेतनाचा बहुतेक भाग तो मिशनच्या सामायिक निधीत टाकीत असे. १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी टाइपांचा उपयोग केलेला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात पाऊलही न ठेवता केलेले हे कार्य वैजनाथ पंडितावाचून शक्य नव्हते. श्रीरामपूरला छापलेली ‘सिंहासनबत्तिशी’ (१८१४) आणि ‘हितोपदेश’ (१८१५) ही मराठी पुस्तके त्याचीच. बंगालीत मृत्युंजय विद्यालंकाराचे आणि अक्षरे कोरण्यात पंचानन कर्मकाराचे स्थान असेच होते. मुखपृष्ठांवर बहुधा कॅरीचे नाव आले; भाषेचे ज्ञान मात्र या मंडळींकडून आले. ११ मार्च १८१२ च्या आगीत अनेक हस्तलिखिते जळून गेली, तरी अक्षरांचे साचे वाचले आणि काम पुन्हा सुरू झाले.

जुलै १८१८ मध्ये कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी नव्या कॉलेजाची योजना जाहीर केली. ख्रिस्ती व इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान शिकवावे, हा तिचा हेतू होता. जात वा धर्म प्रवेशाच्या आड येणार नव्हता. आरंभीच्या ३७ विद्यार्थ्यांत १९ ख्रिस्ती होते. उरलेल्यांत बहुसंख्य हिंदू होते. संस्कृतचा पाया, देशी भाषेतून शास्त्रांचे ज्ञान आणि निवडक विद्यार्थ्यांनाच पुढे इंग्रजी, असा क्रम ठरला होता. कॅरी स्वतः वनस्पतिशास्त्र आणि ईश्वरविद्या शिकवीत असे. जॉन मॅकचे रसायनशास्त्रावरील बंगाली पुस्तक या धोरणाचेच फळ होते.

या धोरणाला विरोध घरातूनच झाला. धर्मकार्यासाठी दिलेला पैसा विज्ञान शिकविण्यात खर्च होऊ नये, असे काही देणगीदारांचे म्हणणे होते. धर्मोपदेशकालाही व्यापक विद्येची गरज असते, ही कॅरीची भूमिका त्यांना पटली नाही. मालमत्ता आणि अधिकार यांवरूनही वाद वाढून १८२७ मध्ये श्रीरामपूरकर लंडनच्या संस्थेपासून वेगळे झाले. त्याच वर्षी २३ फेब्रुवारीस डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला होता. त्यानंतरच्या काही वर्षांत कलकत्त्याच्या व्यापारी पेढ्या बुडाल्या आणि कॉलेजची आर्थिक घडी विस्कटली. ९ जून १८३४ रोजी कॅरीचे निधन झाले. मॅकचे पुस्तक याच वर्षी छापले गेले. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने कौल दिला.

१८४५ मध्ये श्रीरामपूर इंग्रजांच्या ताब्यात गेले, तरी सनद अबाधित राहिली. १८५७ मध्ये कॉलेज कलकत्ता विद्यापीठाशी जोडले गेले. १८८३ मध्ये कला शाखा बंद पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे पुनरुज्जीवन झाले. सनदेनुसार पहिल्या पदव्या दिल्या गेल्या त्या १९१५ मध्ये, आणि त्याही ईश्वरविद्येच्या. १९१८ च्या कायद्याने हा अधिकार दृढ केला. अशा रीतीने संस्थेची दोन्ही अंगे टिकली: एकीकडे सर्वसामान्य विषयांचे कॉलेज, दुसरीकडे देशभरच्या ईश्वरविद्यालयांना पदव्या देणारी व्यवस्था. देशी भाषेतून सर्व शास्त्रांचे उच्च शिक्षण ही मूळ कल्पना मात्र मागे पडली.

धर्मांतराच्या हेतूपासून कॅरीचे भाषाकार्य अलग करता येत नाही, आणि त्या हेतूपुरतेच ते मर्यादित ठेवणेही न्याय्य ठरणार नाही. उच्च विद्येस भारतीय भाषा पुरेशा आहेत, असे गृहीत धरून त्याने एक संस्था उभी केली. ते गृहीतक खरे की खोटे याचा निर्णय श्रीरामपुरात लागला नाही; तो लागण्यापूर्वीच प्रयोग आटोपला. म्हणूनच भारतीय भाषांच्या अभ्यासकांना कॅरीच्या व्याकरणांइतकेच त्याचे कॉलेजही विचारात घ्यावे लागेल.